जुन्या मोटारगाडीतील हायड्रॉलिक क्लच नळी

हायड्रॉलिक क्लच नळी ही मोटारगाडीच्या क्लच पेडलजवळील मास्टर सिलिंडर आणि गिअरबॉक्सवरील स्लेव्ह सिलिंडर यांना जोडणारी, दाबाखालील द्रव वाहून नेणारी नळी होय. गॅरेजच्या बोलीत तिला 'क्लच पाइप' म्हणतात. उत्पादन बंद झालेल्या गाडीत हा लहानसा भाग निकामी झाला, तर इंजिन, गिअरबॉक्स व क्लच प्लेट सुस्थितीत असूनही गाडी चालवता येत नाही. अशा वेळी मूळ भाग शोधणे, दुसऱ्या गाडीचा भाग जुळवणे किंवा नळी नव्याने बनवून घेणे असे मार्ग उरतात. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील रांजणगाव येथे तयार झालेल्या फियाट लिनिया व फियाट पुंटो या गाड्या या प्रश्नाचे जवळचे उदाहरण आहेत.

रचना व कार्य

चालकाने क्लचचे पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो व द्रव नळीवाटे स्लेव्ह सिलिंडरकडे ढकलला जातो. स्लेव्ह सिलिंडरचा दट्ट्या क्लच फोर्कला रेटतो, फोर्क रिलीज बेअरिंगला रेटतो आणि प्रेशर प्लेटची पकड सुटून इंजिन व गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या पास्कलच्या नियमावर ही योजना आधारलेली आहे. काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आवरणाच्या आत, इनपुट शाफ्टभोवती बसवलेला असतो. तेथे फोर्क लागत नाही. मात्र तो सिलिंडर गळू लागला तर संपूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

या यंत्रणेतील मोजमाप किती काटेकोर असते, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. मास्टर सिलिंडरचा व्यास १६ मिमी आणि त्याच्या दट्ट्याची चाल २८ मिमी असेल, तर एका दाबात सुमारे ५.६ घन सेंटिमीटर द्रव पुढे जातो. स्लेव्ह सिलिंडरचा व्यास २० मिमी असल्यास त्याचा दट्ट्या सुमारे १८ मिमी सरकतो. आता नळी फुगल्यामुळे किंवा आत हवेचा बुडबुडा राहिल्यामुळे यातील अवघा एक घन सेंटिमीटर वाया गेला, तर दट्ट्याची चाल तीन मिलिमीटरहून अधिक कमी होते. तेवढ्यानेही क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना दाते घासतात. म्हणूनच नळीने केवळ न फुटणे पुरेसे नाही. तिने फुगताही कामा नये.

दाबाचा अंदाजही याच उदाहरणावरून करता येतो. स्लेव्ह सिलिंडरला १,००० न्यूटन बल लावावे लागत असेल, तर नळीतील दाब सुमारे ३२ बार होतो. मोटारीच्या टायरमधील हवेच्या दाबाच्या तो जवळपास चौदा-पंधरा पट आहे. ब्रेकच्या नळ्यांतील दाब जोराने ब्रेक दाबल्यास याहूनही बराच जास्त असतो.

सर्वच गाड्यांचा क्लच द्रवावर चालत नाही. १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००मध्ये क्लचसाठी केबल होती. केबल तुटली तरी ती बदलणे साध्या गॅरेजचे काम असे. याउलट पुण्यात तयार झालेल्या टाटा सुमोमध्ये (१९९४) हायड्रॉलिक क्लच होता. सुमो मोठ्या संख्येने विकली गेली, वडाप म्हणून वर्षानुवर्षे चालली, आणि तिचे क्लच मास्टर व पाइप तालुक्याच्या ठिकाणीही मिळत राहिले. सुटा भाग दुर्मीळ होणे हे गाडीच्या वयापेक्षा तिच्या संख्येवर व व्यावसायिक वापरावर अधिक अवलंबून असते.

नळीचे घटक

जुन्या पद्धतीच्या नळीचे दोन भाग असतात. गाडीच्या सांगाड्याला धरून जाणारा भाग पोलादी असतो. त्याचा बाह्य व्यास बहुधा ४.७५ मिमी (३/१६ इंच) किंवा ६.३५ मिमी (१/४ इंच) असतो. इंजिन व गिअरबॉक्स रबरी आधारांवर हलत असल्याने त्यांच्याकडे जाणारा शेवटचा तुकडा लवचीक रबरी होजचा असतो. अलीकडच्या गाड्यांत बराचसा भाग पॉलिअमाइड या प्लॅस्टिकचा असून टोकाशी नटाऐवजी स्प्रिंगची क्लिप व रबरी रिंग असते. ही जोडणी कारखान्यात झटपट होते, पण वर्षानुवर्षांच्या उष्णतेने प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि काढताना टोक मोडण्याचा धोका असतो.

पोलादी नळीचे टोक विशिष्ट आकारात फुलवलेले असते, त्याला फ्लेअर म्हणतात. दुहेरी फ्लेअर आणि बबल फ्लेअर हे त्याचे दोन मुख्य प्रकार एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आट्यांच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. ब्रिटिश वा अमेरिकी वंशाच्या गाड्यांत आढळणारा ३/८ इंच, २४ आट्यांचा नट आणि मेट्रिक मापाचा १० मिमी व्यास, १ मिमी अंतराचा नट डोळ्यांना जवळजवळ सारखेच दिसतात. चुकीचा नट दोन-तीन फेरे सहज फिरतो आणि नंतर सिलिंडरचे आटे खराब करतो. आट्यांचे गेज लावून माप घेतल्याशिवाय नवा नट बसवू नये.

बिघाडाची लक्षणे

नळी फुटली तर पेडल एकाएकी तळाला जाते आणि गिअर पडत नाही. बारीक गळती असल्यास पेडल हळूहळू मऊ होते, रिव्हर्स टाकताना घासल्याचा आवाज येतो व टाकीतील द्रव कमी होत जातो. बाहेर ओल कोठेच नाही, पण दाबून धरलेले पेडल सावकाश खाली जाते, अशा वेळी दोष बहुधा मास्टर सिलिंडरच्या रबरांत असतो. नळी बदलून तो जात नाही. जुन्या रबरी होजचा आतला थर सुटून झडपेसारखा वागू लागला, तर द्रव पुढे जातो पण लवकर परतत नाही. पेडल सोडल्यावरही क्लच काही क्षण घसरत राहतो. हे लक्षण झिजलेल्या क्लच प्लेटसारखे दिसते आणि चांगली प्लेट विनाकारण बदलली जाते.

अनेक गाड्यांत ब्रेक व क्लच यांच्यासाठी द्रवाची एकच टाकी असते. तेथे क्लचच्या नळीचे तोंड टाकीत वरच्या पातळीवर ठेवलेले असते, जेणेकरून क्लचची गळती झाली तरी ब्रेकपुरता द्रव शिल्लक राहावा. तरीही क्लचचा पाइप गळत असताना 'ब्रेक तर लागतोय' या भरवशावर गाडी चालवत राहणे धोक्याचे आहे, कारण टाकीतील राखीव साठा तेव्हा संपलेला असतो.

रांजणगावच्या गाड्या

शिरूर तालुक्यातील रांजणगाव औद्योगिक वसाहत पुणे–अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) मार्गावर आहे. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे रांजणगाव ते हेच. भीमेच्या काठचे रांजणगाव सांडस हे गाव वेगळे. येथे फियाट व टाटा मोटर्स यांच्या भागीदारीतील कारखान्यात लिनिया (जानेवारी २००९) आणि ग्रांदे पुंटो (जून २००९) या गाड्या तयार होऊ लागल्या. याच कारखान्यातून टाटाच्या इंडिका व्हिस्टा व मांझा या गाड्यांना इंजिने मिळत. पुढे २०१७पासून तेथे जीप कंपास तयार होऊ लागली. एप्रिल २०२०मध्ये भारत स्टेज-६ हे प्रदूषणविषयक निकष लागू झाले. फियाट नावाच्या गाड्यांची भारतातील विक्री त्याआधीच थांबली होती. अशा रीतीने कारखाना चालू आहे, पण त्याच्या दारातून बाहेर पडलेल्या जुन्या गाड्यांचे काही भाग शेजारच्या शिरूरमध्येही सहज मिळत नाहीत. जिल्ह्यातच, मावळ तालुक्यातील तळेगाव येथे कारखाना असलेल्या शेवरोले गाड्यांची देशातील विक्रीही २०१७अखेर बंद झाली.

याच्या उलट उदाहरण जुन्या फियाटचे. मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी २०००च्या सुमारास उत्पादनातून गेली, तरी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३पर्यंत धावली. टॅक्सीवाल्यांच्या गरजेमुळे तिचे सुटे भाग बनवणारे व विकणारे टिकून राहिले. लिनिया व पुंटो यांना असा व्यावसायिक आधार मिळाला नाही.

खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षे वैध असते व त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. २००९ साली नोंदलेल्या गाड्या २०२४मध्ये या टप्प्याला पोहोचल्या. एका पाइपासाठी गाडी उभी राहिली, तर दुरुस्ती करावी की ती निष्कासन केंद्रात द्यावी, हा प्रश्न त्यामुळे मालकापुढे प्रत्यक्ष उभा राहतो.

मूळ वा पर्यायी भाग मिळवणे

पहिला मार्ग अर्थातच कंपनीच्या भागक्रमांकाने चौकशी करण्याचा. हा क्रमांक चेसिस क्रमांकावरून काढावा. 'पुंटो डिझेलचा क्लच पाइप' एवढे सांगून चालत नाही, कारण इंजिन व उत्पादनवर्षानुसार नळीचा आकार बदलू शकतो. पुण्यातील नाना पेठ, मुंबईतील कुर्ल्याचा जुन्या भागांचा बाजार आणि दिल्लीतील काश्मिरी गेट येथील दुकाने हे नेहमीचे ठिकाण. शिरूर पुण्यापासून सुमारे ६५ ते ७० किमी व दौंड लोहमार्गाने सुमारे ७५ किमी असल्याने दोन्ही गावांतील गॅरेजे सुट्या भागांसाठी प्रामुख्याने पुण्यावर अवलंबून असतात.

परदेशातून भाग मागवताना एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. पुंटोत इंजिन आडवे बसवलेले असून गिअरबॉक्स गाडीच्या डाव्या बाजूला येतो. इटलीत चालकही डावीकडे बसतो, त्यामुळे तेथील नळीला पेडलापासून गिअरबॉक्सपर्यंत थोडेच अंतर कापायचे असते. भारतात पेडल उजवीकडे असल्याने नळी इंजिनकक्षाची रुंदी ओलांडून जाते. म्हणजे युरोप खंडातील गाडीचा भाग येथे लांबीलाच पुरत नाही. उजव्या हाताच्या सुकाणूच्या ग्रांदे पुंटो ब्रिटनमध्ये विकल्या गेल्या आहेत. तेथील भाग विचारात घेता येतो, पण भागक्रमांक जुळल्यावरच.

इंजिन सारखे म्हणून नळी सारखी, हा तर्कही फसवा आहे. फियाटचे १.३ लिटर डिझेल इंजिन भारतात टाटा व मारुती सुझुकी यांच्याही गाड्यांत होते. नळीचा मार्ग मात्र इंजिनावर नव्हे, तर पेडलांची बैठक, इंजिनकक्षामागील भिंत आणि गिअरबॉक्स यांवर ठरतो.

भंगारातील गाडीचा पाइप स्वस्त पडतो. २०२१च्या नियमांनुसार नोंदणीकृत वाहन निष्कासन केंद्रे सुरू झाल्याने जुन्या भागांना एक अधिकृत स्रोत मिळाला आहे. तथापि जुना प्लॅस्टिक वा रबरी पाइप हा मूळ पाइपाइतकाच वय झालेला असतो. पोलादी तुकडा आणि टोकाचे सांधे यांसाठी असा भाग घेणे शहाणपणाचे. रबर त्यातून वापरू नये.

नळी नव्याने बनवून घेणे

शिरूर व दौंड हे उसाचे तालुके आहेत. न्हावरे येथील घोडगंगा व पाटस येथील भीमा हे सहकारी साखर कारखाने, ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर, जेसीबी, ऊसतोडणी यंत्रे आणि रांजणगाव व कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती यांमुळे या भागात हायड्रॉलिक होज कापून टोकांना क्रिंप करून देण्याच्या कामाला कायम मागणी असते. क्लच पाइप मिळत नसेल तेव्हा गाडीमालकाची पावले साहजिकच अशा दुकानाकडे वळतात. नेमकी येथेच सर्वांत मोठी चूक घडू शकते.

ट्रॅक्टर व जेसीबीच्या हायड्रॉलिक यंत्रणेत खनिज तेल असते. त्यासाठीच्या होजचा आतला थर बहुधा नायट्राइल रबराचा असतो. क्लच व ब्रेक यांत मात्र डॉट ३ किंवा डॉट ४ प्रकारचा ग्लायकॉलयुक्त द्रव असतो, आणि त्याच्या संपर्कात नायट्राइल रबर फुगते व मऊ पडते. दुकानदार सांगतो, 'हा होज चारशे बार दाब घेतो.' ते खरेही असते. दोन जाळ्यांच्या पाव इंची होजची तेवढी क्षमता असते. परंतु प्रश्न दाबाचा नसून रसायनाचा आहे. नवा होज पहिल्या दिवशी उत्तम चालतो. कालांतराने आतला थर सुटतो, त्याचे कण मास्टर व स्लेव्ह सिलिंडरमध्ये जातात, आणि टाकी सामाईक असल्यास ब्रेकच्या यंत्रणेपर्यंतही पोहोचू शकतात. ब्रेक व क्लचच्या द्रवासाठी ईपीडीएम रबर चालते, तर तेच ईपीडीएम खनिज तेलात खराब होते. दोन्ही होज बाहेरून काळेच असतात.

म्हणून होज घेताना त्यावरील छाप वाचावा. ब्रेक होजसाठी भारतीय मानक आयएस ७०७९ व अमेरिकी एसएई जे १४०१ ही मानके आहेत. अशा मानकांत फुटण्याच्या दाबाबरोबरच होज किती फुगावा यालाही मर्यादा घातलेली असते, आणि वर पाहिल्याप्रमाणे क्लचसाठी तीच बाब कळीची आहे. आत पीटीएफई व बाहेर स्टेनलेस पोलादाची जाळी असलेला होज हाही योग्य पर्याय आहे. त्याला डॉट द्रवाचा त्रास होत नाही व तो फारसा फुगत नाही. त्याची टोके मात्र त्याच प्रकारच्या होजसाठी बनवलेली असावी लागतात. काही थोड्या गाड्यांत क्लचमध्येही खनिज तेल असते. त्यामुळे सर्वप्रथम टाकीच्या झाकणावरील सूचना पाहणे आवश्यक.

पोलादी भाग नव्याने करायचा असल्यास ब्रेकसाठीची तांबेलेपित दुपदरी पोलादी नळी किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची नळी घ्यावी. दुसरी हाताने वाकवता येते व गंजत नाही. फ्रिजच्या कामातील शुद्ध तांब्याची नळी टाळावी, कारण कंपनांमुळे ती कडक होऊन तडकते. जुना पाइप पूर्ण लांबीचा, न कापता, दुकानात न्यावा. त्यावरील वळणे केवळ जागा वाचवण्यासाठी नसतात. काही गाड्यांतील गोल वेटोळे इंजिनाची कंपने शोषण्यासाठी असते. ते सरळ केले की नळी सांध्याशी तुटते.

मूळ नळीची टोके क्लिपची असतील, तर टोके शाबूत ठेवून मधला खराब भाग बदलणे हा व्यवहार्य उपाय ठरतो. त्यासाठी जुन्या धातूच्या टोकावर नवा होज क्रिंप करता आला पाहिजे. पेट्रोलचा रबरी पाइप घालून क्लिप आवळणे, भेगेवर एम-सील लावणे किंवा पाण्याच्या नळाच्या पद्धतीचा जोड बसवणे हे तिन्ही प्रकार त्याज्य आहेत. यांपैकी कोणताही जोड दाबाखाली निसटू शकतो, आणि तो निसटतो तो चालक पेडल दाबतो त्याच क्षणी, म्हणजे चौकात किंवा चढावर.

नळी बसवणे व हवा काढणे

ब्रेकचा द्रव रंग उडवतो व डोळ्यांना इजा करतो. गाडीच्या पत्र्यावर सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे. नट सोडवण्यासाठी साध्या पान्ह्याऐवजी फ्लेअर नटचा पान्हा वापरावा, अन्यथा गंजलेल्या नटाच्या कडा गोल होतात. सिलिंडरची उघडी तोंडे लगेच झाकावीत. उन्हाळ्यात या भागात धूळ बरीच उडते. नवी नळी सायलेन्सरच्या नळकांड्यापासून दूर, मूळ क्लिपांमध्येच बसवावी आणि होजला इंजिन हलेल इतकी ढील ठेवावी. भिंतीतील छिद्रात रबरी बूच नसेल तर पत्र्याची कड नळीला कापते.

त्यानंतर यंत्रणेतील हवा काढावी लागते. टाकी भरून स्लेव्ह सिलिंडरचे निपल सैल करावे, त्याला पारदर्शक नळी लावून तिचे टोक द्रवात बुडवावे, पेडल दाबल्यावर निपल बंद करावे आणि मगच पेडल सोडावे. हायड्रॉलिक क्लचचे पेडल या वेळी तळालाच चिकटून राहते. ते हाताने वर ओढावे लागते, हा दोष नव्हे. नळी लांब व मध्ये उंच वळण असलेली असेल तर हवा त्या वळणात अडकून बसते. अशा वेळी स्लेव्हच्या निपलातून मोठ्या सिरिंजने द्रव उलट दिशेने वर चढवणे अधिक परिणामकारक असते, मात्र तेव्हा टाकी भरून वाहू नये याकडे दुसऱ्या माणसाने लक्ष द्यावे.

काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून पेडल एक मिनिट दाबून धरावे व दुसऱ्याने प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून पाहावा. रिव्हर्स गिअर न घासता पडला पाहिजे. दुसऱ्या दिवशी व काही दिवस चालवल्यावर ही तपासणी पुन्हा करावी.

डॉट द्रव हवेतील आर्द्रता शोषतो. डॉट ४ द्रवाचा उत्कलनांक कोरडा असताना किमान २३० अंश सेल्सिअस, तर पाणी शोषल्यावर किमान १५५ अंश सेल्सिअस असावा लागतो; डॉट ३ साठी हेच आकडे २०५ व १४० आहेत. पाण्यामुळे पोलादी नळी आतूनही गंजते. बाटली उघडून बरेच दिवस झालेला द्रव म्हणून वापरू नये आणि दर दोन वर्षांनी द्रव बदलावा. काढलेला द्रव जमिनीवर वा गटारात न ओतता जुन्या ऑइलपासून वेगळ्या डब्यात साठवून भंगार ऑइल घेणाऱ्याकडे द्यावा. बनवून घेतलेल्या नळीची लांबी, आट्यांचे माप, फ्लेअरचा प्रकार व होजवरील छाप गाडीच्या कागदपत्रांसोबत लिहून ठेवल्यास पुढच्या वेळी जुना पाइप हाती नसतानाही तशीच नळी करून घेता येते.